पाण्याची पंगत

उकंडाकाका,

तुमच्या तेरवीला मेडशीला आले होते. अंगणात मांडव, बायका एका बाजूला, माणसं एका बाजूला. तुमच्या सोयऱ्यांतल्या कुणीतरी लांबच्या पाहुण्यानं विचारलं, "कालेजात कायच्या कामावर व्हते हे?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात तुमच्या शेजाऱ्यानं उत्तर देऊन टाकलं, "उंदरं पाळत व्हते." झालं! सोळा वर्षांची नोकरी तीन शब्दांत आटोपली. मला भयंकर राग आला. मग मनात आलं, तुम्ही तिथं असता तर म्हणाला असता, "खोटं काय सांगतलं त्यानं? पाळतच व्हतो ना मी."

त्या पाहुण्याला मी काही बोलले नाही. तेरवीच्या मांडवात भांडण शोभत नाही, आणि मी एकदा सुरू झाले की थांबत नाही हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? पण माझं ते उत्तर द्यायचं राहूनच गेलं. तुम्हाला जाऊन तीन महिने झाले तरी ते मनातून जात नाही. म्हणून आज तुम्हालाच सगळं सांगायला बसले. तुम्हाला ठाऊक असलेलंही सांगणार आहे. ऐकून घ्या. तुम्ही माझं नेहमीच ऐकून घेतलंत, पटलं नाही तरी.

मी पहिल्यांदा तुमच्या दारात आले तेव्हा नुकतीच औषधशास्त्र शिकवायला आमच्या फार्मसी कॉलेजात लागले होते, आणि पीएच.डी.ला नाव घातलं होतं. ॲनिमल हाउस म्हणजे कॉलेजच्या मागच्या चार खोल्या. कूलरची घरघर, भुशाचा वास आणि पिंजऱ्यांच्या रांगा. शुक्रवार होता. अब्बांच्या दुकानातलं खस लावून मी ऐटीत आले. तुम्ही दारातच हात आडवा केलात. "मॅडम, अत्तर धुवून या. वास आला का हे बिथरते." मी म्हटलं, मी इथली लेक्चरर आहे. तुम्ही म्हणालात, "त्याईले कुठं माहीत?" मी रागारागानं नळाखाली मनगटं घासली. आजही मी शुक्रवारी अत्तर लावत नाही. अब्बांना वाटतं पोरगी दीन, म्हणजे धर्म, विसरली.

माझा विषय होता निर्गुंडी. आमचं घर जडीबुटीच्या दुकानावर चाललेलं. थंडी पडली की गुडघे धरून येणारी निम्मी गिऱ्हाइकं निर्गुंडीच मागायची, तेलात, काढ्यात, नुसता पाला. अब्बा छातीला हात लावून सांगायचे, "बेटा, ये कुदरत की चीज है, इससे नुकसान होताइच नहीं." मला लहानपणापासून प्रश्न पडायचा की हे अब्बांना कुणी सांगितलं. सूज खरंच उतरते का? आणि रोज रोज घेतलं तर पोटात काय होतं? एवढे दोनच प्रश्न घेऊन मी तुमच्याकडे आले होते. माणसांना विचारायच्या आधी जनावरांना विचारावं लागतं, आणि जनावरं तुमच्या ताब्यात होती.

पाला तुम्हीच आणायचात. मेडशीच्या नाल्यावरची निर्गुंडी पोत्यात भरून एसटीनं वाशीमला. कंडक्टर रोज कुरकुर करायचा की गाडीत वास मारतो, आणि तुम्ही त्याला रोज एक डहाळी द्यायचात, "घरी बाईचे गुडघे दुखत असतीन, ने." महिन्याभरात तो तुमच्यासाठी मागची सीट धरून ठेवू लागला.

आपलं पहिलं भांडण त्या पाल्यावरूनच झालं. मी तो सावलीत वाळवला, दळला, अल्कोहोलात भिजवून त्याचा अर्क काढला. तुम्ही काचेच्या भांड्यातल्या त्या काळपट चिकट्याकडे बघत राहिलात. "वाळवला का जीव गेला पाल्यातला. आमच्याकडं तव्यावर शेकते अन् गरम गरम बांधते. पोटात कोन घेते हे?" मी म्हटलं, काका, शास्त्र असं तव्यावर होत नाही. तुम्ही म्हणालात, "बरं." तुमचं हे 'बरं' म्हणजे होकार नसतो, हे कळायला मला फार वेळ लागला.

तुम्ही मेडशीचे वाढपी होतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. गावात कुणाचंही लग्न असो, वरणाची बादली तुमच्या हातात. पत्रावळ रिकामी दिसली की तुमचा जीव वर-खाली व्हायचा म्हणे. पंगतीत कुणाला दोनदा वाढायचं आणि कुणाला तसंच बसवायचं, हे तुमच्या लेखी पाप. हे मला पुढे तुमच्या घरी मंजुळाकाकूंनी सांगितलं. आधी सांगितलं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं.

कारण माझा सगळा प्रयोग म्हणजे तेच पाप होता. सहा-सहा उंदरांचे पाच गट. सगळ्यांच्या मागच्या पंजात समुद्री शेवाळाच्या पुडीचं पाणी टोचायचं. तासाभरात पंजा टम्म सुजतो. त्याआधी एका गटाला नेहमीची सूज उतरवायची गोळी द्यायची, तीन गटांना माझा अर्क, कमी, मध्यम, जास्त. आणि एका गटाला काहीच नाही, नुसतं डिंकाचं पाणी. मग दर तासाला पंजा पाऱ्याच्या नळीत बुडवून किती सुजला ते मोजायचं. ज्यांना काही दिलं नाही त्यांची सूज जास्त आणि अर्कवाल्यांची कमी, असा फरक दिसला तरच औषध खरं. फरक दिसला नाही तर सगळं मुसळ केरात.

तुम्ही गटांना गट कधी म्हणालाच नाहीत. तुमच्या तोंडी गोळीची पंगत, पाल्याच्या तीन पंगती आणि पाण्याची पंगत. पहिल्याच दिवशी विचारलंत, "मॅडम, ह्या पाण्याच्या पंगतीले काहून नाई देत तुमी?" मी समजावलं. त्यांना दिलं तर तुलना कुणाशी करायची? तुम्ही मान डोलावलीत. "म्हंजे यायनं दुखनं सोसाचं, अन् त्याच्यावरून बाकीच्याईचं खरं ठराचं." मी म्हटलं, बरोब्बर. इतकं नेमकं तर माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगता येत नाही. मी खूश झाले. मला वाटलं, काकांना पटलं.

तुम्ही म्हणालात, "बरं."

पहिली फेरी फसली. पाण्यावाल्यांचे पंजे सुजले, आणि तिसऱ्या तासापासून आपोआप उतरायला लागले. अर्क आणि पाणी यांत फरकच दिसेना. माझे गाइड सर म्हणाले, पुडीची बाटली जुनी असेल, नवी मागवा. नवी मागवली, तीस उंदरांची दुसरी फेरी लावली. पुन्हा तेच. घरी मी जेवण सोडलं. तीन वर्षांची फेलोशिप, त्यातलं दीड वर्ष संपलेलं, आणि हातात काय, तर निर्गुंडी आणि डिंकाचं पाणी सारखंच. अब्बांनाही कळलं. त्यांच्या चाळीस वर्षांच्या गल्ल्यावर मी पाणी ओतल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

सर म्हणाले, तिसरी फेरी लावण्याआधी सहाच उंदीर घ्या, सहाही पाण्यावर ठेवा, आणि सूज नीट चढते का एवढंच बघा. मी ते लावलं. दोन मापांच्या मधे माझा तास असायचा. त्या दिवशी वर्गातली पोरं गॅदरिंगच्या तालमीला पळाली होती, म्हणून मी अर्धा तास आधीच परतले. दार लोटलेलं. तुम्ही स्टुलावर बसलेले. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला पांढरा उंदीर, आणि त्याच्या मागच्या पायाला हिरवा पाला बांधलेला. टेबलावर चहाचा हिटर, त्यावर घरून आणलेला लहानसा तवा. सगळी खोली निर्गुंडीच्या वासानं भरलेली.

घाबरायचं तर तुम्ही घाबरायला हवं होतं. तुम्ही मान वर करून म्हणालात, "थांबा मॅडम, दोनच राह्यले."

त्यानंतर मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एक आठवतं, कारण ते मी विसरू शकत नाही. मी म्हणाले, "तुमच्या या दयेपायी साठ जनावरं फुकट गेली, काका. आता आणखी तीस आणावी लागतील. त्यांचेही पंजे सुजवावे लागतील. तुम्ही सहांचं दुखणं कमी करायला गेलात आणि तीस जणांना नवं दुखणं दिलंत."

तुम्ही त्या उंदराच्या पायाचा पाला सोडलात. ओल्या कापसानं पंजा पुसलात, बोटांच्या मधेसुद्धा. इतकं स्वच्छ पुसलंत की मला दोन फेऱ्या का कळलं नाही हे तेव्हा कळलं. त्याला पिंजऱ्यात ठेवलंत, आणि म्हणालात, "असं होय. हे माह्या ध्यानात नाई आलं." आवाज इतका साधा होता की मला आणखी ओरडता येईना. मी बाहेर जाऊन पायरीवर बसले आणि रडले. चिडून रडले, हे तुम्हाला वाटलं असेल. खरं तर मला दिसलं होतं की ते वाक्य तुमच्या कुठं लागलं. लागावं म्हणूनच मी ते बोलले होते.

आता जे सांगते ते तुम्हाला कधीच सांगितलं नाही. त्या संध्याकाळी मी ठरवलं की खोटं लिहायचं. बाटली खराब निघाली, एवढं एक वाक्य. खरं लिहिलं तर तुमची कंत्राटी नोकरी जाणार हे मला दिसत होतं, आणि माझ्या देखरेखीत हे घडलं म्हणून माझंही नाव खराब होणार हेही दिसत होतं. तुमच्यासाठी खोटं बोलतेय असं मी स्वतःला सांगितलं. किती तुमच्यासाठी आणि किती माझ्यासाठी, याचं माप कुठल्या नळीत घेता येतं?

सकाळी ते वाक्य घोकत सरांच्या केबिनपाशी गेले, तर आतून तुमचा आवाज. मेडशीची पहिली एसटी पकडून तुम्ही माझ्याआधीच पोचला होतात. "मॅडमचं काई नाई, सर. लुडबूड म्या केली." सरांनी विचारलं, "का केलं?" तुम्ही म्हणालात, "पंगतीत एकाले वाढाचं अन् दुसऱ्याले तसंच बसवाचं, हे मले पाहवलं नाई. पन त्याच्यानं आखीन जनावरं लागते, हे मले काल समजलं. आता नाई करनार. काढाचं असन त काढा."

मी दाराच्या फटीतून डोकावले. मग सरांनी विचारलं, "तव्यावर पाला किती वेळ शेकला?"

सर शेवटी औषधांचे मास्तर. त्यांच्या डोक्यात आधीच पेटलं होतं की हा पाला काहीतरी करतोय, नाहीतर सूज उतरली कशी? तुम्ही गडबडलात. मग सांगायला लागलात, पान नरम पडेपर्यंत, करपू द्यायचं नाही, आपल्या मनगटाला लावून बघायचं, आणि सर वहीत लिहून घ्यायला लागले. घोकलेलं वाक्य मी दारातच सोडून दिलं.

प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणारी कॉलेजची समिती असते. सरांनी तिला सगळं खरं लिहून दिलं. तुम्हाला लेखी ताकीद मिळाली, मला चार लोकांसमोर खरमरीत ऐकावं लागलं, आणि नव्या फेरीची परवानगी मिळाली. तीच शेवटची, असं बजावून. त्यात एक सहावी पंगत वाढली होती. शेकलेल्या पाल्याची. ती तुमच्या हाती.

काका, ती फेरी आठवली की मला अजून हसू येतं. सकाळपासून तुम्ही नवा शर्ट घालून आलेले, जणू घरात कुणाचं साक्षगंध ठरलंय. पाण्याच्या पिंजऱ्यांकडे पाठ करून बसायचात. मी विचारलं, तिकडं तोंड का नाही? "पाहलं त हात जाईन." संध्याकाळी आकडे जुळले. पाण्यावाल्यांची सूज चढली तशी राहिली, माझ्या मधल्या आणि मोठ्या मात्रेची उतरली, तुमच्या पाल्याचीही उतरली. पहिला नंबर मात्र गोळीचा. मला वाटलं तुम्ही हिरमुसाल. तुम्ही वहीत डोकावून म्हणालात, "गोळीच्या मांगं आहो आपन. चालते. गोळी कारखान्यातली हाय, आपला पाला नाल्यावरचा." तुम्ही 'आपला' म्हणालात, तेव्हा मला कळलं की तुम्ही मला माफ केलंय.

माफी मी मागितली नव्हती. त्या भांडणापासून बंद पडलेला माझा चहा तुम्ही दुसऱ्या दिवसापासून पुन्हा ठेवायला लागलात, आणि मी तो प्यायला लागले, एवढ्यावर आपण मिटवलं. तुमच्या माझ्यात शब्दांचं काम चहानंच जास्त केलं. पण तीस जणांचं ते वाक्य मी परत घ्यायला हवं होतं. ते खरं होतं. पण खरं आहे म्हणून काय झालं? काही खऱ्या गोष्टीही माणसाला मारायच्या म्हणून बोलता येतात. मी तशी बोलले. चुकले, काका.

यानंतरच्या गोष्टी सांगायला मला बरं वाटतं. दुसरा प्रश्न राहिला होता ना, रोज घेतलं तर पोटात काय होतं? अठ्ठावीस दिवस रोज अर्क पाजायचा, रोज वजन करायचं, खाणं-पिणं बघायचं. माझ्या तक्त्यात 'वागणूक' नावाचा एक रकाना होता, त्यात मी रोज 'ठीक' लिहायची. तिसऱ्या आठवड्यात तुम्ही सर्वांत मोठ्या मात्रेच्या पिंजऱ्यापुढं उकिडवे बसलात. "मॅडम, हे ठीक नाई. हे तोंड धुवून नाई राह्यले." मला काही समजेना. "आपलं उंदीर दिवसातून धा डाव तोंड धुते, मिशा पुसते. हे दोघं कालपासून तसेच बसेल हाय. लिहा." मी लिहिलं. तुमच्या समाधानासाठी लिहिलं, खरं सांगते. वजनं नीट होती, रक्त नीट होतं.

शेवटच्या दिवशी त्यांना भूल देऊन शेवट करायचा असतो, आतले अवयव तपासायला. मी गृहीत धरलं होतं की तुम्ही त्या दिवशी रजा टाकाल. तुम्ही उलट लवकर आलात. एकेकाला स्वतः उचलून आणलंत. "माह्या हातात शांत राह्यते. दुसऱ्याच्या हातात घाबरतीन." अठ्ठावीस दिवस ज्यांना खाऊ घातलं त्यांना तुम्ही शेवटपर्यंत धरून बसलात, आणि दुपारी डबा उघडला नाहीत. मी पण नाही. मला तुम्ही कधी इतके जवळचे वाटला नव्हतात.

मोठ्या मात्रेच्या यकृताच्या काचपट्ट्या आल्या, त्यात थोडा बदल होता. फार नाही, पण होता. तुम्ही रकाना भरायला लावला नसता तर मी त्या काचपट्ट्या इतक्या बारकाईनं पाहिल्या नसत्या, आणि 'संपूर्ण सुरक्षित' असं लिहून मोकळी झाले असते. मग मी अब्बांना दुकानात जाऊन सांगितलं. तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी एक म्हातारी काढ्यासाठी पाला मागत होती, तिला ते बोट उगारून सांगत होते, "अम्मा, बाहरसे जितना चाहे बांधो. पीने का हो तो डॉक्टर को पूछो. हमारी बेटी ने देखा है." त्या 'हमारी बेटी ने देखा है' मध्ये निम्मा हिस्सा तुमचा. मी अब्बांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, "तो कभी खाने पे बुला ना उनको." आणि तुम्ही आलात, ईदला, शिरखुर्म्याच्या दोन वाट्या संपवून तिसरीला नको म्हणालात आणि मग तीही संपवलीत. वाढप्याला वाढायचा मान त्या दिवशी आम्हाला मिळाला.

प्रबंध छापून आला तेव्हा मी आभाराचं पान उघडून तुम्हाला तुमचं नाव दाखवलं. तुम्ही बोटानं ते अक्षर अक्षर चाचपलंत. मग विचारलंत, "म्या चूक केली ते लिहिलं का यात?" मी म्हटलं, आभारात चुका लिहीत नसतात. "मंग अर्धंच लिहिलं." मी चिडून पाचवं प्रकरण उघडलं आणि वाचून दाखवलं की पहिल्या दोन फेऱ्या मानवी हस्तक्षेपामुळे रद्द केल्या. तुमचा चेहरा उजळला. "मानवी हस्तक्षेप म्हंजे मीच ना?" पुढं कितीतरी दिवस तुम्ही फोनवर हेच नाव सांगायचात, "मी मानवी हस्तक्षेप बोलून राह्यलो." पीएच.डी. माझी झाली, पण पदवी तुम्हाला मिळाल्यासारखे तुम्ही वागत होतात.

आता त्या एका भांडणाकडे येते, जे आपलं मिटलंच नाही. मी पुढं विद्यार्थ्यांना असेच प्रयोग लावून द्यायला लागले. दरवेळी नवी वनस्पती, दरवेळी पाण्याची एक पंगत. आणि दरवेळी शेवटचं माप झालं की तुम्ही विचारायचात, "मॅडम, आता माप झालं. आता तरी त्याईले गोळी देता येते का?" आणि मी म्हणायची, "नियमात बसत नाही, काका." पहिल्या वेळी थोडं समजावलं असेल. नंतर नुसतं तेवढं वाक्य. तुम्ही कधी हुज्जत घातली नाहीत. एकदा हात लावून चूक केली होती, आता न विचारता तुम्ही काहीच करणार नव्हतात. दरवेळी विचारायचात, आणि दरवेळी 'बरं' म्हणून भुसा बदलायला लागायचात.

दिवाळीत तुम्ही निवृत्त झालात. उन्हाळ्यात मी मेडशीला आले, तर तुम्ही ओसरीत गुडघ्याला पाला बांधून बसलेले, आणि शेजारी गोळ्यांची पट्टी. मी हसले तर म्हणालात, "गोळी पयली, पाला दुसरा. आपल्याच प्रयोगात आलं ना!" निघताना पुन्हा विचारलंत, "ते पाण्यावाल्याईचं काई झालं का?" मी मोबाइलवर एसटीची वेळ बघत होते. मान वर न करताच म्हणाले, "नियमात बसत नाही, काका." हे आपलं शेवटचं बोलणं. मग पावसाळा लागता लागता एका सकाळी तुम्ही काकूंना चहा टाकायला सांगितलंत आणि खाटेवर आडवे झालात ते तसेच गेलात. दुखलं नाही, असं काकू म्हणतात. मला त्याचं समाधान आहे.

तेरवीहून परतले आणि दुसऱ्या दिवशी नियमांचं पुस्तक उघडलं. एका विद्यार्थिनीचा नवा प्रस्ताव करायचा होता, ते निमित्त. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. मग आमचे सगळे जुने प्रस्ताव काढले, माझ्या स्वतःच्या अक्षरातले.

तसा नियम कुठंच नाही, काका.

माप संपल्यावर पाण्यावाल्यांना औषध देऊ नका, असं कुणीही कुठं लिहिलेलं नाही. उलट शक्य तितकं दुखणं कमी करा, असंच लिहिलंय. आमच्या प्रस्तावात ती ओळ नव्हती, कारण माझ्या गाइडच्या प्रस्तावात नव्हती, कारण त्यांच्या गाइडच्या नसेल. मी कधी पाहिलंच नव्हतं. तुम्ही आठ वर्षं विचारलंत, आणि मी आठ वर्षं न बघता उत्तर दिलं. बाटलीबद्दल खोटं बोलण्यापासून तुम्ही मला वाचवलं होतं. हे दुसरं खोटं मी तुमच्याच तोंडावर बोलत राहिले, आणि मला ते खोटं आहे हेही ठाऊक नव्हतं.

मी प्रस्तावात ती एक ओळ घातली. समितीत एका सदस्यांनी विचारलं, "याचं शास्त्रीय कारण?" मी म्हटलं, "माप संपलेलं असतं, सर. त्यानंतर त्यांना दुखत ठेवायचं शास्त्रीय कारण काय, ते मला सापडलं नाही." समितीतले जनावरांचे डॉक्टर हसले आणि सगळ्यांत आधी त्यांनीच सही केली. पाच मिनिटांचं काम होतं.

परवा प्रयोग झाला. शेवटचं माप वहीत चढवलं, विद्यार्थिनीला म्हटलं, थांब, हे मी करते. सहाही जणांना मी माझ्या हातानं औषध पाजलं. तुमच्याइतका हात हलका नाही माझा, एकानं नखं मारली. मग स्टुलावर बसून राहिले. तासाभरानं त्यांतल्या एकानं पुढचे पाय वर केले आणि तोंड धुवायला सुरुवात केली. मग दुसऱ्यानं. मला इतका आनंद झाला, काका, इतका, की मी पोरीसमोर डोळे पुसले आणि ती बिचारी घाबरली.

लगेच काकूंना फोन लावला. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "यवढं सोपं व्हतं, त मंग आदी काहून नाई केलं व माय?" मी म्हटलं, "काकू, कुणाला विचारलंच नव्हतं." काकू रागानं नाही, अगदी मायेनं म्हणाल्या, "त्यायनं त तुले इचारलं व्हतं ना."

हो, काका. मला विचारलं होतं. त्यांना गोळी देता येते.